अपस्मार, उतारवयातील : रक्तवाहिन्या व बुद्धीचा ऱ्हास

साठीनंतर प्रथमच फेफरे येऊ लागल्यास त्याचे सर्वाधिक आढळणारे ज्ञात कारण म्हणजे पक्षाघात. मात्र मोठा पक्षाघात झालेलाच असतो असे नाही. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड व अरुंद होतात; श्वेतद्रव्याला रक्त अपुरे पडते आणि मेंदूच्या भागांमधील जोडण्या विस्कळीत होतात. त्यातून झटके येतात, तसेच विचारांचा वेग, एकाग्रता व नियोजनशक्तीही मंदावते. म्हणून बुद्धीच्या ऱ्हासाचा सगळा दोष झटक्यांवर टाकणे चुकीचे.

अमेरिकेतील चार वस्त्यांमध्ये १९८७ पासून चाललेल्या ‘एरिक’ या पाहणीत मध्यमवयातील रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांचा उशिरा सुरू होणाऱ्या अपस्माराशी संबंध दिसला. अशा रुग्णांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोकाही सुमारे तिप्पट आढळला.

रक्तवाहिन्या व बुद्धीवरील परिणामांत औषधांचीही भूमिका असते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही यकृतातील विकरांना चेतवणारी जुनी औषधे कोलेस्टेरॉल वाढवतात. फेनोबार्बिटल व टोपिरामेटने विचारशक्ती मंदावू शकते. वृद्धांत लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम पसंत केले जाते. मात्र उपचाराआधीची अडचण निदानाची : आकडीऐवजी काही मिनिटांचा गोंधळ एवढेच लक्षण असल्यास घरचे त्याला म्हातारपणाचा विसर समजतात, आणि निदान लांबते.