कुंडीतली वेणी आणि रानातला वेळू

चंद्रपूर शहरातल्या रोपवाटिकांत अलीकडे एक कुंडी हमखास दिसते. तीत तीन किंवा पाच कोवळे दांडे एकमेकांत गुंफून त्यांची वेणी घातलेली असते, वर पानांचा झुबका असतो आणि वेणीच्या शेंड्याला लाल फीत बांधलेली असते. दुकानदार तिला 'लकी बांबू' म्हणतो. ज्या जिल्ह्याच्या रानात बांबूची बेटे मैलोगणती पसरलेली आहेत तेथे बांबू म्हणून विकत घेतली जाणारी ही वनस्पती मुळात बांबूच नाही, हे घेणाऱ्याला आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आम्हांलाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. तिच्या नावाचा माग काढू लागलो तेव्हा आम्ही आधी आफ्रिकेत जाऊन पोचलो, आणि तेथून परत फिरून गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात. त्या फेऱ्याचा हा वृत्तांत आहे.

या झाडाचे शास्त्रीय नाव ड्रॅसिना सँडेरियाना. ते मूळचे मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातले, कॅमेरून व आसपासच्या प्रदेशांतल्या सावलीच्या रानांतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला हे नाव मिळाले ते फ्रेडरिक सँडर या इंग्लंडात स्थायिक झालेल्या जर्मन रोपविक्रेत्यावरून. सँडर ऑर्किडांचा मोठा व्यापारी होता. त्याने जगभर माणसे धाडून रानेच्या राने धुंडाळली, आणि त्यापायी काही ठिकाणची रानटी ऑर्किडे पार ओरबाडली गेली. ड्रॅसिना ही शतावरीच्या कुळातली; बांबू हे गवत. दोघांच्या दांड्यांवर पेरे दिसतात, एवढेच काय ते साम्य. परंतु चिनी व्यापाऱ्यांनी तिला धनाचा व मानाचा बांबू अशा अर्थाचे नाव दिले, आणि तैवान व दक्षिण चीनमधून ती त्याच नावाने जगभर गेली. २००१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बंदरांत पाण्यात उभे करून आणलेल्या या दांड्यांबरोबर आशियाई वाघडास उतरला आणि तिथल्या आरोग्य खात्याची धांदल उडाली. भाग्याच्या झाडाची ही हकीकत आपल्याकडचे विक्रेते अर्थातच सांगत नाहीत.

वेणीचे दुसरे प्रसिद्ध झाड म्हणजे 'मनी ट्री', अर्थात पाचिरा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ऑब्ले याने १७७५ मध्ये फ्रेंच गयानातल्या वनस्पतींवरील ग्रंथात या प्रजातीची नोंद केली. दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या नद्यांकाठच्या दलदलीत ते मोठ्या वृक्षासारखे वाढते. गंमत अशी की ते आपल्या काटेसावरीच्या नात्यातले आहे. फाल्गुनात ताडोब्याच्या वाटेवर जी पर्णहीन सावर लाल फुलांनी पेटलेली दिसते, तिची ही अमेरिकन चुलत बहीण तैवानात गेली आणि तेथे तिच्या पाच रोपांची वेणी घालण्याची रीत पडली. १९८६ साली तैवानातल्या एका ट्रकचालकाने ही वेणी प्रथम घातली असे सांगतात. या कथेला दंतकथेपेक्षा अधिक वजन द्यावे असे आम्हांला वाटत नाही. पण ही रीत तैवानातल्या व्यापारी रोपवाटिकांत रुजली आणि तिला फार तर चार दशके झाली आहेत, हे मात्र खरे.

वेणी घालण्याची कृती थोडी निष्ठुर आहे. पाचिराची रोपे हातभर वाढली की ती मुळांसकट उपटतात आणि काही दिवस तशीच ठेवतात. अंगातले पाणी कमी होऊन खोडे मलूल होतात, वाकवली तरी मोडत नाहीत. मग त्यांची वेणी घालून शेंडा बांधतात आणि सगळी एकत्र लावून टाकतात. मुळे पुन्हा पाणी ओढू लागली की खोडे ताठ होतात, पण आता ती वेणीच्याच आकारात ताठ होतात. खोडाची उंची शेंड्याकडून वाढते, त्यामुळे वेणीचा घातलेला भाग लांबत नाही. तो जाड मात्र होत जातो, आणि मग खोडे एकमेकांना दाबू लागतात. बांधलेली फीत वेळेवर सोडली नाही तर ती सालीत रुतते. पुष्कळदा पाचांतले एक खोड आतल्या आत वाळून पोकळ होते आणि बाकीच्यांनी धरून ठेवल्यामुळे महिनोन् महिने उभे राहते. हात लावला की बोटाखाली दबते, तेव्हा कळते. आमच्या विभागातल्या कुंडीत हेच झाले.

आता शब्दाकडे वळू. मराठीत बांबूला वेळू म्हणतात, आणि वेळू हा संस्कृत वेणूचा वंशज. ज्या वेणूपासून बासरी झाली, त्याच वेणूपासून आपल्या बोलीतला वेळू झाला. वेणी हा शब्द त्याच्या शेजारीच उभा आहे. दोहोंचे रक्ताचे नाते आहे असा दावा आम्ही करणार नाही. ध्वनिसाम्यावरून कुळी जुळवण्याचा मोह आवरलेला बरा. सिरोंच्याकडे, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाच्या मुलखात, तेलुगू बोलणारे याच वनस्पतीला वेदुरु म्हणतात. वंश या शब्दाचे बांबू आणि कुळ असे दोन्ही अर्थ आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही नेहमी थोडे थांबतो. एकाच मुळापासून पेरापेराने वाढत जाणारे बेट पाहिलेल्या माणसालाच ही उपमा सुचली असणार.

जिवंत बांबूची वेणी घालता येत नाही. त्याचा कोंब जमिनीतून वर येतो तो पुढे जेवढा जाड व्हायचा तेवढ्याच जाडीचा; काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि मग वर्षानुवर्षे नुसता पक्व होत राहतो. तो विणायचा तर आधी तोडावा लागतो, ओला असतानाच चिरावा लागतो, त्याच्या कामट्या काढाव्या लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीत हे काम पिढ्यानुपिढ्या बुरूड करीत आले, आणि गोंड-माडिया घरांतही घरापुरते विणकाम होतच होते. सूप, टोपली, परडी, कोंबड्या झाकायची डाल, बैलगाडीचे तट्टे, धान साठवायची ढोली, कुडाच्या भिंती: भाताच्या या मुलखातले घर बांबूवाचून उभेच राहत नव्हते. पावसाळ्यात फुटणारे कोवळे वास्ते भाजीला येत. बुरूड समाज ज्या केतय्यांना आपले आद्य पुरुष मानतो ते मेदार केतय्या बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या मंडळातले शरण. ते बांबूच्या टोपल्या विणीत आणि वचने रचीत. टोपली विणणारा माणूस वचनकार होता ही गोष्ट आपल्या साहित्येतिहासाच्या अभ्यासक्रमात कुठे दिसत नाही. ती दिसायला हवी होती.

या विणकामाच्या आड आली ती एक व्याख्या. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वृक्ष' या संज्ञेत काय काय येते ते सांगताना ताड, बुंधे, झुडपे, वेत यांच्याबरोबर बांबूचेही नाव घातले गेले. वनस्पतिशास्त्राला जे गवत ते कायद्याला झाड. ही केवळ वर्गीकरणातली चूक असती तर कोणी तिच्याकडे पाहिलेही नसते. पण झाड म्हटले की ते लाकूड झाले, लाकूड म्हटले की ते वनखात्याचे झाले, आणि मग तोडीला परवानगी व वाहतुकीला परवाना आला. गावाला निस्ताराच्या सवलती होत्या, बुरुडांना सरकारी आगारातून ठरावीक नग मिळत. ज्याने बेट पाहून, ठोकून, आपल्या कामाचा बांबू निवडायचा, त्याला गंजीतून मिळेल तो बांबू उचलावा लागला. विणणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही. कामट्या ओल्या बांबूच्या निघतात. आगारात महिने काढलेला बांबू कोयत्याखाली तडकतो.

त्याच वेळी वर्धा नदीकाठच्या बल्लारपुरात कागद होऊ लागला. बल्लारपूरच्या कागद कंपनीची स्थापना १९४५ ची. पुढची अनेक दशके या रानांतला बांबू कराराने तिच्याकडे जात राहिला आणि त्याचा लगदा होत राहिला. येथे आम्ही आमची बाजू लपवू इच्छीत नाही. विदर्भातल्या आमच्या पिढीने ज्या वह्यांत व्याख्यांची टिपणे काढली, उत्तरपत्रिका लिहिल्या, त्यांतला किती कागद या बांबूचा होता हे मोजता येणार नाही. पण साहित्याचा व्यवहार ज्या कागदावर चालतो त्या कागदाचाही एक इतिहास असतो, आणि त्या इतिहासात बुरुडाचा कोयता व गिरणीचे यंत्र एकाच बेटाशी येऊन भिडतात.

या भिडण्याचा हिशेब महाराष्ट्राबाहेरच्या एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतो. माधव गाडगीळांनी कर्नाटकातल्या दांडेलीच्या कागद गिरणीविषयी लिहिले आहे: १९५८ च्या सुमारास गिरणीला बांबू टनाला दीड रुपया दराने मिळे, आणि टोपल्या विणणारे तोच बांबू बाजारातून कित्येक शे पट भावाने घेत. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते; बेट साफसूफ करायचे म्हणून वनखाते ते काढून टाकी. गावकऱ्यांना ठाऊक होते की नवे कोंब त्या काट्यांआड वाचतात. काटे गेले, आणि गुरांनी व रानातल्या जनावरांनी कोंब खाऊन टाकले. आमच्याकडचा बांबू मुख्यत्वे मानवेल. कटांग हा काटेरी प्रकार नाल्यांच्या काठाने. त्यामुळे दांडेलीचे निरीक्षण जसेच्या तसे इकडे लावता येत नाही, पण बेट कोणाला कळते हा प्रश्न तोच आहे.

तो प्रश्न मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातल्या छोट्या गोंड गावाने उघडपणे विचारला. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, त्यांच्या सोबतीला मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते, अशी ही वाटचाल आहे. मिलिंद बोकीलांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ती सविस्तर सांगितली आहे, आणि ती तेथेच वाचावी. आमच्या विषयापुरते एवढेच: २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या यादीत बांबूचे नाव स्पष्ट घातले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागदावर हक्क आला, पण गावाने बांबू विकायला काढला तेव्हा वाहतुकीचा परवाना मिळेना. जुना कायदा बांबूला झाड म्हणत होता, नवा कायदा गौण वनोपज म्हणत होता, आणि खाते जुन्या शब्दाला धरून होते. बांबू तोडलेला, गिऱ्हाईक दारात, आणि सारे एका संज्ञेपाशी अडलेले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले, आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. परवाना आता गावच लिहिणार होते. मराठीच्या अभ्यासकांनी या प्रसंगाकडे भाषेच्या दृष्टीनेही पाहावे असे आम्ही सुचवू. एका शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, हे त्या दिवशी बदलले.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला हजाराहून थोड्या अधिक हेक्टरांचा हक्क मिळाला. पाचगावची गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते, कारण तेथे हक्काबरोबर नकारही आला. हाती पैसा देणारा तेंदूपानांचा व्यवसाय ग्रामसभेने स्वतःहून सोडला. पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, रानाला आगी लावल्या जातात, म्हणून. मिळकत बांबूवर ठेवली. बांबू तोडण्याचे शिस्तीचे नियम जुनेच आहेत: त्या वर्षीचा कोवळा बांबू तोडायचा नाही, पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही, बेटात पक्के बांबू राखून ठेवायचे, घाव जमिनीलगतच्या पेराच्या वर घालायचा. नियमांत नवे काही नाही. पाळायचे कोणी, हे नवे आहे.

चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला २०१४ मध्ये शासनाने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राला मान्यता दिली. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून १९२७ च्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळला. लगोलग संसदेने तसा कायदा केला. नव्वद वर्षे झाड असलेले गवत पुन्हा गवत झाले. पण हे बदलले ते वनाबाहेरच्या जमिनीपुरते. ज्याच्या शेताच्या बांधावर बांबू आहे, त्याला आता तोडायला व न्यायला तो परवाना लागत नाही. ज्याला बांधच नाही, त्या बुरुडाला या दुरुस्तीने काय मिळाले, हे विचारायला हवे. त्याचा बांबू पूर्वीसारखाच आगारातून येतो, किंवा एखाद्या ग्रामसभेकडून विकत.

आमच्या विभागातल्या कुंडीतले वाळलेले खोड आम्ही शेवटी कात्रीने तुकडे करून काढले. चार उरली. रोपवाटिकेतून ती कुंडी बसमधून मांडीवर ठेवून आणली होती. वाटेत कोणी परवाना विचारला नव्हता. ती ज्या टोपलीत बसवून दिली होती ती मानवेलीची आहे, काठाला दुहेरी वीण घातलेली. कुंडीचे तीनशे रुपये घेतले. टोपली वर फुकट दिली.