नायट्रो आरसी ट्रक बेफाम का सुटतो आणि तो कसा रोखावा?

नायट्रो आरसी ट्रक म्हणजे रिमोटवर चालणारा, पण खरे इंजिन असलेला छोटा ट्रक. ट्रॅक्सास टी-मॅक्ससारख्या ट्रकचे वजन साधारण ४ ते ५ किलो असते आणि तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळू शकतो. त्या वेगाची धडक म्हणजे तेवढ्याच वजनाची वस्तू सहा मजल्यांवरून पडण्यासारखे आहे. म्हणूनच रिमोटला न जुमानता ट्रक पूर्ण थ्रॉटलवर सुटणे हा या छंदातला मोठा धोका मानला जातो.

बॅटरी संपली तरी ट्रक का थांबत नाही?

हे टू-स्ट्रोक इंजिन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालते. सुरू करताना ग्लो प्लगची तार बॅटरीने तापवतात. नंतर ती आतल्या ज्वलनामुळेच तापलेली राहते. त्यामुळे हवा आणि इंधन मिळेपर्यंत इंजिन चालतच राहते.

ट्रकमधली बॅटरी फक्त रिसीव्हर आणि सर्व्हो चालवते. ती संपली की थ्रॉटलचा सर्व्हो आहे त्याच जागी थांबतो. थ्रॉटल उघडा असेल तर तो उघडाच राहतो. ब्रेकही बहुधा त्याच सर्व्होवर असल्याने तोही लागत नाही.

नेहमीची कारणे

- रिसीव्हरची बॅटरी उतरणे, किंवा हादऱ्यांनी तिची वायर निघणे
- ट्रक रिमोटच्या टप्प्याबाहेर जाणे
- सर्व्हो आणि कार्ब्युरेटर यांना जोडणारी दांडी निसटणे
- कार्ब्युरेटरच्या स्लाइडमध्ये माती अडकणे

बचावाचे उपाय

१. फेलसेफ: सिग्नल तुटला किंवा व्होल्टेज घसरले की हे उपकरण सर्व्होला ब्रेकच्या स्थितीत नेते. २.४ गिगाहर्ट्झच्या अनेक रिसीव्हरमध्ये सिग्नल तुटल्यावर चालणारे फेलसेफ असते, पण ती स्थिती आपण ठरवून द्यावी लागते. मात्र फेलसेफलाही वीज लागते. वायरच निघाली तर ते निरुपयोगी ठरते.

२. रिटर्न स्प्रिंग: दांडी निसटली तर ही स्प्रिंग कार्ब्युरेटर बंद करते. वीज गेलेल्या सर्व्होचे गिअर मागे फिरवण्याइतका जोर तिच्यात असेलच असे नाही. म्हणून फेलसेफ आणि स्प्रिंग दोन्ही हवेत.

३. बॅटरी: सुट्या सेलपेक्षा ६ व्होल्टचा, ५ सेलचा रिचार्जेबल पॅक बरा, कारण सेल हादऱ्यांनी होल्डरमधून हलतात. प्रत्येक वेळी पूर्ण चार्ज करूनच निघावे.

प्रत्येक वेळी करायची तपासणी

इंजिन बंद असताना आधी रिमोट, मग रिसीव्हर चालू करा. थ्रॉटल दाबून धरा आणि रिमोट बंद करा. सर्व्हो लगेच ब्रेककडे गेला पाहिजे. नाही गेला तर इंजिन सुरू करू नका. नंतर दांडी सोडवून स्लाइड हाताने उघडा. सोडताच ती आयडलच्या बारीक फटीपर्यंत परत आली पाहिजे. खेळ संपल्यावर इंजिन थांबवा, मग रिसीव्हर आणि शेवटी रिमोट बंद करा.

तरीही सुटलाच तर

सर्वांत आधी ओरडून लोकांना बाजूला करा. धावत्या ट्रकच्या आडवे जाऊ नका, पाय घालून तो अडवू नका. ट्रक कुठे अडकला की चाके जमिनीपासून दूर ठेवून इंधनाची नळी चिमटीत घट्ट दाबा. नळीत उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन क्षणभर जास्त वेगानेही फिरू शकते, पण नळी सोडू नका. हाताशी जाड कापड असेल तर सायलेन्सरचे तोंड दाबूनही इंजिन थांबते. उघड्या बोटाने मात्र ते करू नये, सायलेन्सर भाजण्याइतका तापलेला असतो. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून इंधन सांडले असेल तर जास्त सावध राहा.

गर्दी, रस्ता आणि लहान मुले यांपासून दूर, मोकळ्या मैदानातच हा ट्रक चालवावा. वरचे सगळे उपाय फसले तरी तेवढे अंतर माणसाला वाचवते.