राधानगरीवरचे दुपंखी विमान
राधानगरीच्या जलाशयावर गिरकी घेणारे हे दुपंखी विमान टायगर मॉथ दिसते. भारतीय हवाई दलाचे कित्येक वैमानिक याच विमानावर शिकले. १९३१ च्या या विमानाचे इंजिन १३० अश्वशक्तीचे. कुशीवर वळवणाऱ्या झडपा फक्त खालच्या पंखांना, म्हणून ते सावकाश कलते. उलटे होताच पेट्रोल पोहोचेनासे होऊन इंजिन आचके देऊ लागते. खास कसरतींसाठी बांधलेल्या पिट्स एस-२ए ला २०० अश्वशक्ती, वर-खाली दोन्ही पंखांना झडपा आणि उलट्या स्थितीतही चालणारी इंधनव्यवस्था. तरी नुसत्या आकड्यांवर तुलना करू नये. उभ्या गिरकीआधी टायगर मॉथला नाक झुकवून वेग जमवावा लागतो. वैमानिकाच्या हाताची खरी परीक्षा तिथेच. जलाशयाजवळच्या दाजीपूरच्या डोंगरांलगत त्यासाठी हाताशी भरपूर उंची हवी.