टर्बोची राखीव ताकद

डिझेल गाडी वापरणाऱ्या बहुतेकांना हा सल्ला कधी ना कधी मिळालेला असतो. पिकअप कमी वाटतोय? मग रीमॅप करून घ्या. इंजिन खोलायची गरज नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे आणि तासा-दोन तासांत पंचाहत्तर अश्वशक्तीची गाडी शंभराच्या आसपास नेऊन ठेवायची. या सल्ल्याच्या पोटात एक समज दडलेला असतो. कंपनीने ताकद मुद्दाम दाबून ठेवली आहे, पैसे आपण मोजलेत, तेव्हा ती ताकद आपलीच आहे. हा समज अर्धा खरा आहे. इंजिनात ताकद राखून ठेवलेली असते, यात वाद नाही. ती का राखली जाते आणि ज्यांनी ज्यांनी ती वापरून टाकली त्यांनी काय मोजले, हा मात्र शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावात सुल्झर नावाची इंजिने बनवणारी कंपनी होती. तिथे काम करणाऱ्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरला एक गोष्ट सतत खुपत असे. इंधनातली बरीचशी उष्णता धुराबरोबर बाहेर फुकट जाते. त्याच धुराने एक चाक फिरवायचे, त्या चाकाच्या दांड्यावर दुसरे चाक बसवायचे आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही त्याची कल्पना. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येणार, आणि जास्त इंधन म्हणजे जास्त ताकद. पेटंट 1905 सालचे. कल्पना कागदावरून पाण्यावर उतरायला मात्र सुमारे वीस वर्षे लागली. ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांची डिझेल इंजिने टर्बोमुळे 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. मधल्या काळात कल्पना चुकीची ठरली नव्हती. अडचण होती ती रसरसत्या धुरात टिकणारे धातू आणि भन्नाट वेगाने फिरूनही न मोडणारे दांडे मिळण्याची. टर्बोची गोष्ट पहिल्यापासून उष्णतेची आहे, हे इथेच लक्षात ठेवावे.

दरम्यान अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांना वेगळाच प्रश्न सोडवायचा होता. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. 1918 मध्ये त्यांनी लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगराच्या माथ्यावर नेऊन चालवले. खाली 350 अश्वशक्ती देणारे इंजिन वर जेमतेम 230 देत होते. टर्बो जोडल्यावर 356. इथे टर्बोने हरवलेली ताकद परत मिळवून दिली होती. आहे त्यापेक्षा जास्त पिळण्याचा हव्यास पुढच्या महायुद्धात आला.

त्या युद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानांना ‘युद्धातली आणीबाणीची ताकद’ अशी एक वेगळी मर्यादा आखून दिलेली असे. शत्रू पाठीवर बसला की वैमानिकाने थ्रॉटल नेहमीच्या टोकाच्याही पलीकडे ढकलायचा. साधारणपणे पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. मस्टँग विमानात थ्रॉटलच्या वाटेत एक बारीक तार आडवी बांधलेली असे. ती तोडल्याशिवाय थ्रॉटल पुढे जात नसे. विमान उतरल्यावर मेकॅनिक आधी ती तार पाही. तुटलेली दिसली की इंजिनाची तपासणी आलीच. (मस्टँगला टर्बो नव्हता, इंजिनाच्याच दांड्यावर चालणारा सुपरचार्जर होता. पण हवा कोंबून ताकद पिळण्याचा हिशेब दोन्हीकडे तोच.) मला त्या तारेचे फार कौतुक वाटते. ताकद वापरायला मनाई नव्हती. वापरली याची नोंद मात्र राहात होती आणि तिचा खर्च कुणीतरी लगेच हिशेबात धरत होता. शिवाय समोर प्राणाची बाजी होती. दहा तासांनी बाद होणाऱ्या इंजिनापेक्षा आत्ताची पाच मिनिटे मोलाची, हे गणित तिथे बरोबरच होते.

घरगुती मोटारीत हे गणित आणले की काय होते, ते ओल्ड्समोबाइल कंपनीने 1962 मध्ये पाहिले. ‘जेटफायर’ ही टर्बो बसवून बाजारात आलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एक. साडेतीन लिटरच्या पेट्रोल इंजिनाची 215 अश्वशक्ती. आता पेट्रोल इंजिनात दाबून हवा भरली की एक धोका असतो. मिश्रण ठिणगीची वाट न पाहता किंवा ठिणगीनंतर भलत्याच ठिकाणी भडकते, इंजिन ठोकल्यासारखा आवाज करते आणि पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नाही. हे टाळण्यासाठी जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती. ते मिश्रण आत फवारले जाऊन हवा थंड राही. टाकी रिकामी झाली की यंत्रणा आपोआप टर्बोचा दाब रोखायची. इंजिनिअरांनी सगळा विचार केला होता. एकच गोष्ट त्यांनी गृहीत धरली, ती म्हणजे मालक टाकी आठवणीने भरेल. मालक भरत नसत. मग गाडी पळत नाही म्हणून तक्रार घेऊन शोरूममध्ये येत. दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि नंतर कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले गेले.

तेव्हापासून मोटार कंपन्या मालकावर विसंबायचे सोडून देऊ लागल्या. स्वीडनच्या साबने सत्तरच्या दशकाच्या शेवटी ‘99 टर्बो’ आणली, तेव्हा तिने शर्यतीतली ताकद शोधली नाही. छोटा टर्बो, बेताचा दाब आणि दाब वाढलाच तर धूर बाजूने सोडून देणारी झडप, एवढ्यावर भागवले. पुढे त्याच कंपनीने इंजिनाचा ठोका ऐकणारा सेन्सर बसवला. हलके पेट्रोल भरले की यंत्रणा आपणच दाब कमी करी. आजच्या गाडीतला कॉम्प्युटर हा त्या सेन्सरचा नातू म्हणायचा. आणि आपण ज्याला ‘कंपनीने दाबून ठेवलेली ताकद’ म्हणतो, ती याच विचारातून राखलेली असते. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हासाठी, चार माणसे आणि सामान भरून चढायच्या कसारा घाटासाठी, कुठल्याशा पंपावरच्या भेसळीच्या डिझेलसाठी आणि तीन हजार किलोमीटर उशिराने बदललेल्या ऑइलसाठी.

राखीव काहीच ठेवले नाही तर इंजिन किती ताकद देते, हेही जगाने पाहिले आहे. 1977 मध्ये रेनोची टर्बो गाडी फॉर्म्युला वन शर्यतीत उतरली, तेव्हा इंजिनातून सारखा वाफ-धूर निघतो म्हणून लोक तिला ‘पिवळी किटली’ म्हणत. दहा वर्षांच्या आत चित्र पालटले. 1986 मध्ये दीड लिटरची इंजिने पात्रता फेरीत हजाराहून जास्त अश्वशक्ती देत होती. पण ही इंजिने मोजक्या फेऱ्यांपुरतीच बांधलेली असत. फेरी संपली की इंजिन खोलायचे. संघटनेने 1987 मध्ये दाबावर 4 बारची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी 2.5 बारची, आणि 1989 पासून टर्बोवर बंदीच आणली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या रस्त्यांवर रीमॅपची चर्चा घडवली ती मुख्यतः एका इंजिनाने. फियाटचे 1248 सीसीचे मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावला ते फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनत असे, आणि परवान्याने मारुतीही बनवी. 2007 मध्ये डिझेल स्विफ्टमध्ये ते आले आणि मग व्हिस्टा, डिझायर, पुंटो, अर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत गेले. काहींनी त्याला देशाचे राष्ट्रीय इंजिनच ठरवून टाकले. गाड्यांप्रमाणे त्याची ताकद दोन प्रकारची होती, 75 च्या आसपास आणि 90. इथेच सगळ्यात मोठा गैरसमज पसरला. इंजिन तेच, मग माझ्या स्विफ्टला पंचाहत्तरच का?

हा प्रश्न माझ्या भाच्यानेही विचारला. त्याची स्विफ्ट तेरा वर्षांची आहे, दीड लाख किलोमीटर झालेली. “मामू, अर्टिगाला नव्वद देतात, मला का नाही? नुसता सॉफ्टवेअरचा खेळ आहे.” नुसता सॉफ्टवेअरचा खेळ तो नाही. नव्वदच्या इंजिनाचा टर्बोच वेगळा आहे. त्यातल्या धुराच्या वाटेवरची पाती वेगाप्रमाणे आपला कोन बदलतात. पंचाहत्तरच्या टर्बोत ती सोय नाही. लॅपटॉपने आकडे बदलतात, पाती उगवत नाहीत. त्या जुन्या टर्बोला जास्त हवा मागितली तर तो जास्त वेगाने फिरणार, आणि असले छोटे टर्बो आधीच मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेत असतात. हवा कमी पडून डिझेल मात्र वाढले तर काळा धूर निघतो आणि धुराचे तापमान चढते. वाढलेला टॉर्क आधी जाऊन बसतो तो क्लच प्लेटवर. रीमॅपनंतर महिन्याभरात क्लच सुटू लागला तर फिटर म्हणतो प्लेट जुनी होती. त्याचेही खोटे नसते.

मोटारीचा मूळ ढाचा बदलण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. रीमॅप बाहेरून दिसत नाही, त्यामुळे नाक्यावर कुणी अडवणार नाही हे खरे. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस मात्र नाक्यावरच्या हवालदारापेक्षा चिकित्सक असतो, आणि आपण काय लपवले हे आपल्याला माहीत असतेच.

गंमत अशी की आपल्या देशातला बहुधा सर्वात मोठा रीमॅप एका कंपनीनेच करायला घेतला. 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे बिंग फुटले. चाचणीच्या वेळी सॉफ्टवेअर धूर स्वच्छ दाखवी आणि रस्त्यावर मोकळे सोडी. पुण्याच्या एआरएआय संस्थेने इथल्या गाड्या तपासल्यावर सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलवायचे ठरले. दुरुस्ती मुख्यतः सॉफ्टवेअरचीच. तेव्हा आकडे बदलणे हे काही अघोरी कृत्य नव्हे. कारखानाही तेच करतो. फरक एवढाच की बदलाआधी आणि नंतर धूर, उष्णता, टॉर्क मोजणारी साधने कारखान्याकडे असतात. टपरीवजा गॅरेजमध्ये आपल्याला एका कागदावर अश्वशक्तीचा आलेख मिळतो, तोही मिळाला तर.

माझे मत विचाराल तर नव्या दमाची गाडी असेल, क्लच आणि टर्बो तपासून घेतलेले असतील, करणारा माणूस मूळ फाइल जपून परत टाकून देणारा असेल, धुराचे तापमान मोजत असेल, तर थोडा दाब वाढवून घेण्यात पाप नाही. खर्च आपला, इंजिन आपले, आणि कायदा व विमा यांचा धोकाही डोळे उघडे ठेवून आपणच पत्करलेला. पण रोज नोकरीला नेणारी, हप्ते संपून नुकती मोकळी झालेली, दीड लाख किलोमीटरची एकुलती एक गाडी असेल तर नाही. एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज सहा आले आणि मारुतीने हे इंजिन बंद केले. जुन्या गाड्यांना आता आहे तोच टर्बो पुरवून वापरायचा आहे.

भाच्याला मी इंजेक्टर आणि एअर फिल्टर तपासायला सांगितले. फिल्टरमध्ये अर्धा डबा धूळ निघाली. पिकअप बराच परत आला आहे, असे तो म्हणतो. रीमॅपवाल्याचा नंबर त्याने अजून खोडलेला नाही.