आप्पांची नाव आणि आमचा टेम्पो

परवा नातवाने पनामा कालव्याचा व्हिडिओ दाखवला. भलंमोठं जहाज पाण्याच्या एका हौदात शिरतं, मागचं दार लागतं, हौदात पाणी भरतं, जहाज वर उचललं जातं, मग पुढचं दार उघडतं. गाटुनला अशा तीन पायऱ्या चढून जहाज सुमारे २६ मीटर वर जातं. लॉक म्हणतात ते हेच. इतकी वर्षं फळ्यावर खडूने आकृती काढून मुलांना शिकवलं, पण हलताना बघितलं ते आत्ता, सत्तरी उलटल्यावर! आणि आठवली ती आमची १९९७ सालची कृष्णेतली फजिती.

आमच्या आजोळी एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आईचे वडील, म्हणजे आमचे आप्पा, अंकलखोपहून गुळाचे रवे घेऊन "नावेने सांगलीला" जायचे. लहानपणी ऐकताना डोळ्यांपुढे शिडाची नावच यायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दोघे मावसभाऊ आणि मी, तिघांनी ठरवलं की आप्पांच्या वाटेने जायचं. औदुंबरला ओळखीच्या एका मामांची मासे धरायची लाकडी नाव होती. सकाळी निघू, दिवेलागणीला सांगलीच्या घाटावर उतरू, असा हिशेब. मामा नुसते हसले होते. तेव्हाच समजायला हवं होतं.

पहिला टप्पा फार सुंदर गेला. समोर भिलवडीचा मोठा दगडी घाट, पुढे ब्रह्मनाळला येरळेचा संगम, दोन्ही काठांना ऊस. धार मात्र नावालाच. पाणी तुंबलेलं असल्यामुळे सगळा रस्ता वल्ह्यावर. डिग्रजच्या बंधाऱ्याशी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती.

आपल्याकडचे हे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बहुतेकांनी पाहिले असतील. नदीत दगडी खांबांची रांग, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बर्गे घालायचे आणि पाणी अडवायचे, जूनच्या आधी ते काढायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. शेतीसाठी उत्तम सोय. पण नाव? पूर असतो तेव्हा फट उघडी, पण त्या पाण्यात नाव घालणार कोण? आणि नदी शांत होते तेव्हा बर्गे बसलेले. मामा म्हणाले, "गुरुजी, पाण्याला वाट हाय, नावंला न्हाई." मग सामान उतरवा, नाव काठावर ओढा, बंधाऱ्याला वळसा घालून खाली सोडा. चौघांना ती हलेना. रात्र एका वस्तीवर काढली, सकाळी त्या घरातल्या बैलजोडीने नाव पलीकडे गेली आणि दुपारी आम्ही सांगलीला लागलो. मामांना परत जायला तोच बंधारा उलटा चढायचा, म्हणून नाव टेम्पोत घालून पाठवली. टेम्पोचं भाडं नावेच्या दुप्पट! असो.

गंमत अशी की याच कृष्णेवर खाली आंध्रात नावांसाठी दारं होती. आर्थर कॉटन यांच्या पुढाकाराने १८५२ ते १८५५ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, बंधारा झाला. तिथून निघालेले कालवे शेतीला पाणी द्यायचे आणि नावाही वाहायचे, म्हणून वाटेत लॉक बांधले. रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त, हे कॉटनसाहेब सरकारला हयातभर सांगत राहिले. आपल्याकडेही त्याच शतकात कराडजवळ खोडशीला बंधारा घालून कृष्णा कालवा काढला, पण तो शेतीपुरता. त्रिभुज प्रदेशाची जमीन सपाट, तिथे नाव तरंगत जाते. आपली कृष्णा महाबळेश्वराहून उतरलेली. इंग्रजी गॅझेटियरांनी लिहूनच ठेवलंय की सातारा जिल्ह्यात पात्र खडकाळ आणि प्रवाह वेगाचा, लहान होड्यांनाही ती वाहतुकीच्या कामाची नाही. (अंकलखोपचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा निघाला, त्याचं सांगली हे नाव १९६० चं.) नावाच चालत नव्हत्या, तर त्यांच्यासाठी दार कोण बांधणार? १८९१ मध्ये तर मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वेही गेली.

मग आप्पांची नाव कुठली? माझं मत आता पक्कं झालंय. अंकलखोप उजव्या काठावर, सांगलीची पेठ डाव्या. आप्पा बैलगाडीने काठाकाठाने सांगलीवाडीपर्यंत येत असणार आणि तिथून तरीने पलीकडे. आपल्या भागात नदीवर नाव चालली ती आडवी, उभी नाही. खोळंबा मात्र त्या एवढ्याशा प्रवासातच मोठा. पावसाळ्यात धार वाढली की नावाडी नाव सोडायचा नाही, आणि पाणी उतरेपर्यंत माणसं, गाड्या, माल सगळं काठावर. गूळ भिजला की भाव गेला. आप्पा चार चार दिवस सांगलीवाडीला अडकायचे, हे आजीच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय. नदीने येणारा माणूस तिथे चार दिवस कशाला बसेल? १९२९ साली आयर्विन पूल झाला आणि हा खोळंबा संपला. पुढे आप्पा गूळ घेऊन पुलावरून गेले, पण त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

हे सगळं मागच्या रविवारी धाकट्या मावशीला फोनवर सांगितलं. तिला आता नव्वदावं लागलंय. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला डिग्रजच्या पुढं नाव नेता आली नाही, म्हणून माझ्या आप्पांना आली नसेल होय रे?"