डबे आणि दार

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेब फळ्याकडे निघाले, तेव्हा सवर्ण पोरांनी फळ्यामागचे आपले डबे हलवले. त्याच शाळेतून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. मोठ्या शाळेचा लाभ आणि डंख असा एकत्रच मिळतो.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत वंचितांना २५ टक्के जागा दिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने, १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्यांना त्यातून सूट दिली. जुलैत उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

नंदनवनातल्या आमच्या वस्तीतली पोरे या दाराने आत जातात. इंग्रजी येते, धीटपणा येतो. पण कुणी आडनाव विचारले की पोर घरी येऊन गप्प बसते. तरी मी म्हणतो, पाठवा. डब्यांची गोष्ट मात्र आधी सांगा. आणि मनपाची शाळा बंद पडू देऊ नका; उरलेली पोरे तिथेच आहेत.