बाप्तिस्म्यानंतरचा पालट
१४. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. मग ख्रिस्त आपल्याला त्यानंतर आठेक वर्षांनी गवसला असे त्या का म्हणतात? कारण त्यांनी पुढे स्वीकारलेल्या इव्हँजेलिकल मताप्रमाणे चर्चच्या वहीत नाव चढले एवढ्याने भागत नाही. आपण पापी आहोत आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्याकरिता प्राण दिला, हे ज्याचे त्याने मनोमन स्वीकारायचे. सत्कर्मांची पुंजी तारणाच्या कामी येत नाही. असा मनोमन स्वीकार हाच नवा जन्म. बायबलचा शब्द अखेरचा, आणि सुवार्ता सांगणे पाळकाइतकेच साध्या विश्वासणाऱ्याचेही काम. (केडगावात रमाबाई सोप्या मराठीत बायबल उतरवायला बसल्या ते यापोटीच, विद्वत्तेच्या हौसेने नव्हे.) वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी धर्ममतांवरून त्यांचे खटके मात्र या पालटाआधीच उडाले होते.